सूतभर फटीची गोष्ट

आमच्या घरी शिवणाचे यंत्र होते. जर्मन बनावटीचे, महायुद्धापूर्वीचे, वडिलांनी कुणाकडून तरी जुने घेतलेले. त्याच्या काळ्या अंगावरची सोनेरी वेलबुट्टी हाताच्या घासण्याने अर्धी पुसली गेली होती. पण चालायला लागले की आवाज असा मऊ येई, की पाळण्यातले मूल त्यावर झोपावे. गिरणगावातल्या चाळीत, दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात, ते यंत्र म्हणजे घरातले चौथे कमावते माणूस. पहिले वडील; दुसरी आणि तिसरी आई, कारण ती दोघींचे काम करी.

1963 साल. दिवाळी पंधरा दिवसांवर आलेली. आईकडे बावीस पोलकी, नऊ परकर आणि एका लग्नघरच्या झालरी अशी शिवणे पडली होती. निम्म्यांची आगाऊ रक्कम घेऊन झाली होती, आणि ती रवा-तुपाला लागूनही गेली होती. अशा वेळी एका रविवारी दुपारी, आई पाणी भरायला गेली असताना, अकरा वर्षांचा मी माझ्या दप्तराचा तुटलेला पट्टा शिवायला बसलो. पट्टा होता जाड ताडपत्रीचा, तोही चौपदरी. तिसऱ्या टाक्याला सुई मोडली. मोडलेले टोक खाली फटीत अडकले. चाक फिरेना, म्हणून मी दोन्ही हातांनी ओढून फिरवले. खालून ‘टिक्’ असा आवाज आला. फार लहान आवाज होता तो. पण मला अजून ऐकू येतो.

ज्या भगिनी यंत्रावर शिवतात त्यांना सांगायला नको, इतरांसाठी सांगतो. सुई जिथे कापडात शिरते तिथे खाली पोलादाची एक चकचकीत प्लेट असते. तिच्यात सुईसाठी एक बारीक भोक, आणि भोकाच्या आजूबाजूला लांबट अरुंद फटी. या फटींतून खालचे दाते वर येतात, कापडाला चावा घेऊन ते टाकाभर पुढे सरकवतात आणि पुन्हा बुडी मारतात. आमच्या प्लेटला अशा तीन फटी होत्या : दोन लांब, एक आखूड. एकेक फट सूतभरही रुंद नाही. (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, कारागिरांची ही जुनी मोजणी अजून पुरती गेलेली नाही.) दोन फटींच्या मध्ये उरलेली पोलादाची काडी तर त्याहून नाजूक. त्यांतली एक मी मोडली होती. आता कापड त्या भगदाडात खेचले जाई, दोरा अडके आणि टाक्यांचा गुंता होई.

आईने मला मारले नाही. तिने न शिवलेल्या कापडांचे गाठोडे उघडून मोजले आणि पुन्हा बांधून ठेवले. मारले असते तर बरे, असे मला वाटले.

दोन दिवस वडील कचेरीतून सुटले की नागदेवी गल्लीत आणि चोरबाजारात हिंडत होते. 1957 नंतर परकीय चलनाची तंगी आली, आयातीवर निर्बंध आले, आणि परदेशी यंत्रांचे सुटे भाग बाजारातून नाहीसे झाले. देशी यंत्रांच्या प्लेटी ढिगाने मिळत. पण आमच्या यंत्राला त्यांचे स्क्रूही बसत नव्हते. दुकानदार म्हणाला, “मिलिंग मशीनवर बनवून घ्या.” भाव ऐकून वडील उठून आले.

आमच्या शेजारच्या खोलीत एका गिरणीतले फिटर राहत. सारी चाळ त्यांना आबा म्हणे. आईने मोडकी प्लेट त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, प्लेट दिव्यासमोर धरून फटीतून पलीकडे पाहिले आणि म्हणाले, “वहिनी, हे तासाभराचं काम आहे. आमच्या गिरणीत मिलिंग मशीन आहे.”

वडिलांचा चेहरा खुलला. तेवढ्यात आबा पुढे म्हणाले, “पण गिरणीच्या यंत्रावर घरचं काम आजवर मी केलेलं नाही. हातानं करू. चार-पाच रात्री जातील.”

आईने एवढेच विचारले, “भाऊजी, हातानं होईल?”

“यंत्रं येण्याआधी काय फटी पडत नव्हत्या?”

आबांचे ते बोलणे नुसता तोरा नव्हता, हे मला पुष्कळ वर्षांनी वाचनात आले. मिलिंग मशीन, म्हणजे दातेरी चाक गरगरा फिरवून लोखंड कोरणारे यंत्र, तसे अलीकडचेच. त्याचा पहिला जनक कोण, यावर पंडितांचे वाद आहेत. पण त्या जातीतले सर्वगुणी यंत्र कसे जन्मले त्याची हकीकत ठाऊक आहे, आणि मोठी गमतीची आहे. 1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स गावी एका कारखान्यात सैन्यासाठी बंदुका बनत. बंदुकीच्या एका इवल्या भागाला बारीक भोक पाडायचे असे आणि त्यासाठी पिळाचे ड्रिल लागे. त्या ड्रिलवरच्या नागमोडी खाचा कारागीर गोल, उंदराच्या शेपटीसारख्या कानशीने हाताने घासून काढीत! लढाईची घाई, आणि इकडे माणसे खाचा घासत बसलेली. तेथल्या प्रमुखाने गावातल्याच जोसेफ ब्राउन या यंत्रकाराला गाठले. ब्राउनने जे यंत्र रचले ते 1862 साली विकले गेले, आणि आजची कितीतरी मिलिंग यंत्रे त्याच्याच वंशातली आहेत. म्हणजे हाताने खाच पाडण्याचा कंटाळा हीच या यंत्राची जननी.

असो. आबांनी त्या रात्रीच कामाला हात घातला. गॅलरीच्या टोकाला त्यांनी एका जाड फळीवर शेगडा ठोकून बसवला होता. शेगडा म्हणजे कारखान्यातला व्हाइस, लोखंडाला घट्ट चावून धरणारा. वर पंचवीसचा दिवा. मी त्यांचा मदतनीस. कुणी नेमले नव्हते. पण अपराधी माणसाला घरात बसवत नाही.

भंगारातून आणलेला नरम पोलादाचा एक तुकडा त्यांनी कानशीने सपाट केला. मग मला म्हणाले, “जा, मोरचूद आण.” आमच्याकडे मोरचूद होते. त्याचा खडा पाण्यात विरघळवून आबांनी पोलादावर बोट फिरवले, आणि काय आश्चर्य, पांढरे पोलाद पाहता पाहता तांबडे झाले! मोरचुदातले तांबे लोखंडावर बसते. त्या तांबूस पातळ थरावर टोकदार सळईने रेघ मारली की ती चांदीच्या तारेसारखी उठून दिसते. पेन्सिलीची रेघ जाड, खडूची त्याहून जाड. आणि जिथे फटच सूतभर नाही तिथे जाड रेघ म्हणजे अर्धे काम बिघडलेले. जुनी प्लेट नव्यावर आवळून त्यांनी सगळी नक्कल उतरवून घेतली.

आता खरी अडचण ऐका. रुंद खाच पाडायला रुंद, दणकट हत्यार चालते. अरुंद फटीत शिरायचे तर हत्यार फटीहून पातळ हवे. आणि पातळ हत्यार म्हणजे दुबळे हत्यार : ते वाकते, भरकटते, मोडते. फट जितकी अरुंद तितके हत्यार नादान. मिलिंग मशीनलाही यातून सुटका नाही. दोन मिलिमीटरचा कातणारा दात जरा घाई केली की कटकन मोडतो. लोखंड कठीण असते हे सगळ्यांना ठाऊक असते. कारागिराची झोप उडते ती हत्याराच्या दुबळेपणाने.

फट एका बाजूने उघडी असेल तर निभावते. हॅकसॉचे, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीचे, पाते साधारण पाऊण मिलिमीटरच्या आतच असते; पण दात किंचित डावी-उजवीकडे वळवलेले असल्याने चीर मिलिमीटरच्या आसपास पडते. चीर रुंद हवी तर एकाच चौकटीत दोन पाती जोडीने चढवावीत. अरुंद हवी तर पात्याच्या दोन्ही अंगांना सहाणेवर घासून दातांचा फुगवटा कमी करावा. पत्रा पातळ असेल तर बारीक दातांचे पाते घ्यावे, इंचाला बत्तीस दातांचे. निदान दोन-तीन दात एका वेळी लोखंडावर टेकले पाहिजेत, नाहीतर कड दोन दातांच्या मध्ये अडकते आणि दातच उडतात. आपल्या घरी एखाद्या स्क्रूच्या डोक्यावरची खाच झिजून पेचकस घसरायला लागतो, त्यालाही हाच उपाय. स्क्रू लाकडाच्या दोन चिपांमध्ये धरून शेगड्यात आवळावा आणि हॅकसॉचे चार हात सावकाश मारावेत. नवी खाच तयार. बाजारात धावायला नको.

पण आमची फट चारी बाजूंनी बंद. हॅकसॉचे पाते आत शिरणार कुठून?

आबांनी आधी जुनी रीत धरली. रेघेवर ओळीने खुणा ठोकून घ्यायच्या, हाताने फिरवायच्या ड्रिलने एकाला एक लागून भोके पाडायची, मग मधल्या भिंती बारीक छिन्नीने उडवायच्या आणि कडा कानशीने सरळ करायच्या. मी तेलाचे थेंब सोडीत होतो. इंचाच्या सोळाव्या भागाचे ड्रिल, जाड सुईएवढे. एक मोडले, दुसरे मोडले. तिसऱ्या रात्री आखूड फटीचे शेवटचे भोक पाडताना ड्रिल शेजारच्या भोकात घसरले आणि मधल्या काडीचा लचका तोडून बाहेर आले. एकाला एक लागून भोके पाडताना हाच धोका. ड्रिलच्या एका बाजूला लोखंड आणि दुसऱ्या बाजूला पोकळी असली की ते पोकळीकडे पळते. आबांनी प्लेट सोडवली, दिव्यासमोर धरली आणि न बोलता भंगाराच्या डब्यात टाकली.

तीन रात्री फुकट गेल्या. दिवाळी नऊ दिवसांवर. आत आई हाताने काजे-बटणे करीत बसली होती. यंत्राशिवाय होण्याजोगे तेवढेच काम होते. मी आबांना विचारले, “आता गिरणीत न्याल का?” माझ्याकडे पाहून ते म्हणाले, “चूक माझ्या हातानं झाली. गिरणीचा काय संबंध?” इतक्या वर्षांनंतरही मला वाटते, की एवढ्या तासाभराच्या कामाला गिरणीची ना नसती. पण त्यांच्या हिशोबात ते बसत नव्हते, आणि त्यांना तसे सांगण्याची आमच्या वडिलांची छाती नव्हती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आबा आले ते कागदात गुंडाळलेली सोनाराची करवत घेऊन. शेजारच्या इमारतीत तळमजल्यावर सोनाराचे दुकान होते, तिथून मागून आणलेली. लोखंडाची धनुष्यासारखी चौकट आणि तीत ताणलेले पाते, मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढे जाड, कातकामाच्या दोऱ्यासारखे. बांगडीवरची जाळी याच करवतीने कोरतात. मला हसू आले. सोन्याचे हत्यार पोलादाला काय करणार?

आबांनी नव्या तुकड्यावर पुन्हा मोरचूद लावले, पुन्हा रेघा मारल्या. या वेळी प्रत्येक फटीच्या दोन्ही टोकांना एकेकच भोक. भोकातून पाते ओवले, वर-खाली आवळले आणि बोटाने छेडले. सतारीच्या तारेसारखा ‘टँग्’ आवाज आला. “हा आवाज आला पाहिजे,” ते म्हणाले. “पातं दुबळं आहे. त्याचं बळ ताणात आहे.”

हॅकसॉ पुढे ढकलताना कापते. हिचे दात मुठीकडे तोंड करून असतात, ती ओढताना कापते. पातळ वस्तू ढकलली तर वाकते, ओढली तर सरळ राहते. दोऱ्याचेही तसेच नाही का? हे आबांनी मला समजावून सांगितले नाही. त्यांनी करवत माझ्या हातात दिली, मी ढकलली, आणि पाते मोडले. समजले.

पात्याला मेणबत्ती चोळायची आणि खाली ओढायचे. घाई नाही, दाब नाही. एका ओढीला किती कापले जाते ते दिसतही नसे. खाली पसरलेल्या वर्तमानपत्रावर राखाडी कीस पडत राही तेवढीच खूण. तीन फटींच्या मिळून सहा रेघा. अकरा पाती मोडली, मी मोजली आहेत. दुसऱ्या रात्री उशिरा पहिल्या फटीतली काडी सुटून खाली पडली. गव्हाच्या दाण्याहूनही अरुंद नि पाऊण इंच लांब. ती मी पुष्कळ दिवस कंपासपेटीत जपून ठेवली होती.

उरले कानशीचे काम. रेघेपर्यंत थोडे लोखंड राखून ठेवले होते, ते घासून काढायचे. किल्लीवाले वापरतात तसली पत्र्यासारखी पातळ कानस आबांकडे होती. तिच्या एका अंगाचे दात त्यांनी घासून गुळगुळीत केले होते, म्हणजे एक कड घासताना समोरची कड खरवडली जात नाही. शिवाय एक युक्ती : हॅकसॉच्या पात्याचे दोन तुकडे त्यांनी प्लेटीच्या खाली-वर, अगदी रेघेला लावून, शेगड्यात एकत्र आवळले. पात्याला पक्के पाणी दिलेले, म्हणून ते प्लेटीहून कितीतरी कठीण. नरम लोखंडावर कानस ‘खर्र खर्र’ बोलते. कठीण पात्याला टेकली की ‘किस्स’ करून घसरते. आवाज बदलला की थांबायचे. त्यांचे डोळे साठीला आले होते. रात्रीच्या त्या उजेडात त्यांना रेघ दिसत नसावी, असे मला आता वाटते. ते कानांनी घाशीत होते.

कुठे अडते हे पाहायलाही घरचीच वस्तू कामी आली. कारखान्यात यासाठी निळा रंग असतो. आबांनी आईची काजळाची डबी मागितली. यंत्राच्या दात्यांना काजळ फासले, प्लेट बसवली, चाक हळूच फिरवले. प्लेट काढली तर एका फटीच्या कडेवर काळा ठिपका. तिथे कानशीचे तीन हात. पुन्हा काजळ, पुन्हा ठिपका. असे कितीदा झाले कोण जाणे.

शेवटी सुईचे भोक. ते नुसते पाडून भागत नाही. भोकाची कड खरखरीत राहिली तर दोरा पिंजतो आणि तुटतो. आबांनी आईच्याच रिळाचा जाड दोरा तेलात आणि एमरीच्या पुडीत बुडवला, भोकातून ओवला आणि आम्ही दोघांनी दोन टोके धरून तो ताक घुसळल्यासारखा मागे-पुढे ओढला. दोऱ्याने पोलाद घासले जाते, हे मी तेव्हा पाहिले. ज्या दोऱ्याला पुढे जन्मभर तिथून जायचे, त्यानेच आपली वाट गुळगुळीत करून घेतली म्हणा ना.

“हिला पाणी नाही द्यायचं?” वडिलांनी विचारले. पोलाद लाल करून पाण्यात बुडवले की कठीण होते, एवढे त्यांना ऐकून माहीत होते. आबांनी मान हलवली. या जातीच्या नरम पोलादात कर्ब अगदी थोडा. नुसते पाणी देऊन ते कठीण होत नाही. त्याला बंद डब्यात कोळशाच्या भुकटीत तासन् तास तापवून बाहेरून कर्ब पाजावा लागतो. “आणि त्यात या काड्या वेड्यावाकड्या झाल्या तर? नरमच असू दे. सुई आपटली तर ओरखडा उठेल, पण मोडणार नाही.” असे म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिले.

दिवाळीला पाच दिवस राहिले असताना यंत्र पुन्हा चालू झाले. आईने आधी चिंधीवर एक टीप मारली, ती उलटसुलट पाहिली आणि काही न बोलता गाठोडे ओढले. त्या पाच रात्री आम्ही त्या आवाजात झोपलो. बाविसांतली एकोणीस पोलकी नरकचतुर्दशीच्या आधी घरोघर पोचली. उरलेल्या तिघींची बोलणी आईने भाऊबीजेपर्यंत खाल्ली. आबांनी पैसे घेतले नाहीत. त्यांच्या दोन सदऱ्यांच्या फाटक्या कॉलरी उलटवून देण्यावर तोड झाली.

ही सारी आठवण आता निघायचे कारण सांगतो. आईमागे ते यंत्र माझ्या धाकट्या बहिणीकडे डोंबिवलीला गेले. ती अजून त्यावर साड्यांना फॉल लावते, आणि प्लेट तीच आहे. माझ्या एका पुतण्याचा ठाण्याला वागळे इस्टेटीत छोटा कारखाना आहे. तिथे तारेने पोलाद कापतात. मागच्या महिन्यात बहिणीकडून ती प्लेट दिवसापुरती मागून घेऊन मी मुद्दाम तिथे गेलो.

ते यंत्र पाहण्यासारखे आहे. पितळेची पाव मिलिमीटर जाडीची तार, वरून खाली ताणलेली, सारखी पुढे सरकणारी. पोलाद पाण्यात बुडवलेले. तारेत आणि पोलादात विजेच्या ठिणग्या उडतात, सेकंदाला हजारोंनी, आणि प्रत्येक ठिणगी पोलादाचा न दिसणारा कण उडवते. याचे मूळ 1943 साली मॉस्कोत सापडले. विजेच्या जोडांची टोके ठिणग्यांनी झिजतात ती कशी वाचवावी याचा शोध लाझारेंको हे पतिपत्नी घेत होते. झीज त्यांना थांबवता आली नाही. उलट त्या झिजेलाच त्यांनी कामाला लावले! पुढे तार आली. गंमत अशी की ही तार पोलादाला शिवतच नाही. मध्ये केसाहूनही कमी अंतर राहते. हत्यार दुबळे असले तरी मोडायला त्याला काही लागतच नाही. पोलाद कितीही कठीण असो, तिला फरक पडत नाही. मात्र फट चारी बाजूंनी बंद असली की आधी एक भोक पाडून तार त्यातून ओवावी लागते. पुतण्या ती ओवत असताना मला गॅलरीतला दिवा आठवला.

मी खिशातून प्लेट काढून त्याला दिली. त्याने व्हर्नियर लावला. लांब फट एका टोकाला 2.08 मिलिमीटर, दुसऱ्या टोकाला 2.14. त्याने पुन्हा मोजले. मग प्लेट उलटी करून कडांवरचे कानशीचे बारीक ओरखडे भिंगातून पाहिले आणि आपल्या दोन कामगारांना हाक मारली. तिघे बराच वेळ ती प्लेट हातोहाती फिरवत होते.

“काका, नवी करून देऊ का? फार वेळ नाही लागायचा. पक्क्या पोलादाची, एकदम तंतोतंत.”

मी उत्तर देणार तेवढ्यात बहिणीचा फोन आला. प्लेट घेऊन संध्याकाळपर्यंत ये, म्हणाली. सात फॉल लावायचे राहिले आहेत आणि बायका दारात उभ्या आहेत.